हिंगाची डबी

परवा हिंगाची डबी उघडली, वास अजून तसाच आहे. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास पेनसिल्व्हेनियातली आमची रानाची जमीन मी हरणांच्या शिकारीला भाड्याने द्यायचो. सीझनच्या आदल्या दिवशी शिकारी म्हणाला, "तुमच्या किचनचा वास रानात जातो, हरणं फिरकत नाहीत." मी बायकोला बजावलं, "उद्या फोडणी नको." ती बरं म्हणाली. पहाटे उठलो तर खिडकी सताड उघडी आणि ती कढईत नुसता हिंग तळत होती. "एवढ्या पहाटे कुणासाठी गं?" "अहो, रानातल्या त्या हरिणीमागे पाडस आहे." शिकारी रिकाम्या हाताने गेला तो परत आला नाही. आता ती नाही, फोडणी होत नाही. हरणं खिडकीपर्यंत येतात.