तिने सारवलेल्या भिंती

हातात आलेला जुना कपडा ती आधी उजेडासमोर धरायची. डोळे बारीक करून विणीतून पलीकडे पाहायची, दोन्ही हातांनी ताणून बघायची आणि म्हणायची, "जीव हाये अजून याच्यात." एवढं म्हणेपर्यंत त्या कपड्याचं काय करायचं ते तिच्या डोक्यात ठरलेलं असे.

अमरावतीत कापसाच्या बाजाराला लागून माझं सुईदोऱ्याचं लहानसं दुकान होतं. दुकानामागे कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या खोल्या होत्या. आम्ही सगळे त्याला मालकच म्हणत असू. शेवटच्या खोलीत पूर्वी बैलांची पेंड भरलेली असे. ती खोली तिच्या नवऱ्याने भाड्याने घेतली. माणसं वलगावकडची. नवरा बंडीवाला, बैलगाडीत कापूस भरून अकोल्याला नेणारा, अबोल. पदरात एक तान्ही मुलगी. ती स्वतः मालकाच्याच वखारीत कापूस निवडायला जाई.

ते दिवस तुम्ही ऐकून असाल. दूर कुठल्याशा कापसाच्या मुलखात लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुणी बैलांच्या शिंगांत चांदी घातली, कुणी लग्नात शहर जेवू घातलं, हे लोक अजून मिटक्या मारत सांगतात. मला ते ऐकवत नाही. कापूस महागला तसं सूत महागलं, कोष्ट्यांचे माग बंद पडले, आणि ज्या बाया दिवसभर कापसात कमरेएवढ्या बुडालेल्या असत त्यांच्या पोरांना झबलं मिळेना. हे मात्र कोणी सांगत नाही.

"कापूस आमचा अन् आमचंच लेकरू उघडं," ती माझ्या ओट्यावर बसून सुई ओवता ओवता म्हणायची. "कोनाच्या आंगावर गेला हा सारा? मले एकदा त्याचं तोंड पाहू द्या, भाऊ."

राग तिच्या बोटांत होता. ती शिवायची तेव्हा सुई कापडात घुसताना आवाज येई. त्या रागातून जे निघायचं ते मात्र इतकं मऊ असायचं की बघत राहावं. नवऱ्याच्या विरलेल्या पटक्यातून तिने मुलीची कुंची केली, कुंचीला माझ्या दुकानातले फुटके मणी लावले. मी ते मणी उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. "फेकता काहून? मले द्या ना," म्हणून तिने ओंजळ पुढे केली होती. कापसाच्या गाठींवरचं फाटकं गोणपाट वखारीत पायपुसणं म्हणून पडलेलं असे. ते मुकादमाला विचारून तिने घरी आणलं, धुतलं, पळसाच्या फुलांच्या पाण्यात रंगवलं, कडेला लुगड्याचा काठ जोडला आणि दाराला पडदा केला. उन्हं उतरायला लागली की त्या पडद्यातून खोलीत केशरी उजेड पडे.

आणि भिंती! पेंडीचा वास जाईपर्यंत तिने त्या खरवडल्या, बुजवल्या, पांढऱ्या मातीने पोतारल्या. वर गेरूने वेल काढली, वेलीवर पोपट. पोपटांच्या चोची फार मोठ्या झाल्या होत्या. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "असू द्या. त्याहिले लय बोलायचं हाये."

हिवाळा आला. मुलगी सारखी खोकायची. गादी भरायला कापूस विकत घेणं शक्यच नव्हतं. मेळघाटातून लाकूड आणणाऱ्या बंडीवाल्यांकडे तिच्या नवऱ्याने सावरीचा कापूस मागितला. सावरीच्या झाडाच्या बोंडातला तो रेशमी भुरा. सूत निघत नाही म्हणून बाजारात त्याला कोणी विचारत नाही. चिंध्यांचे थर आणि मध्ये ही सावर, अशी तिने मुलीची गादी शिवली. मुलगी त्या गादीवर पहिल्यांदा सलग झोपली. तेव्हा ती मुद्दाम दुकानात सांगायला आली. "खोकलीच नाई ना माही बाई," एवढंच म्हणाली आणि काहीही न घेता परत गेली.

पुढे वखारीत कापूस कमी भरला. कमी का भरला ते देव जाणे. ज्या मुकादमाच्या घरी कापसाने भरलेले पालखीएवढे लोड होते त्याला कोणी विचारलं नाही. मुकादम चोरी शोधायला आला तो थेट शेवटच्या खोलीपाशी. अंगणात वाळत घातलेली ती गादी त्याने दाबून पाहिली आणि हातातल्या विळ्याने उभी फाडली.

सावर उडाली. साऱ्या अंगणात, आमच्या डोक्यांवर, तुळशीवर. मुकादम ओरडला, "हा पाहा! हा पाहा कापूस!"

ती दारातून आली. जमिनीवरची मूठभर सावर उचलून तिने त्याच्या नाकासमोर धरली. "हा कापूस हाये? बोल. लहान लेकराले बी समजते हा काय हाये."

शेजारच्या बाया हसल्या. मुकादमाचं तोंड उतरलं. तो "बरं बरं" म्हणत वळला, तशी तिने त्याच्या पटक्याचा सोगा धरला.

"कुठी चालला? फाडली तं शिव."

"सोड, बाई. मालकाले सांगीन."

"सांग. बलाव त्याले. भाऊ, एक सुई द्या याले. मोठ्या नाकाची द्या, याले दिसत नाई."

मी सुई दिली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरी सुई दिलेली नाही. गर्दी जमली, वखारीतून मालक आला. शोभा नको म्हणून तोच म्हणाला, "बस रे, घाल दोन टाके." आणि तो मिशाळ माणूस भर अंगणात मांडी घालून बसला आणि शिवू लागला. टाके असे पडले की जणू कोंबडीने पाय उमटवले. ती शेजारी उभी राहून म्हणत होती, "दूर पडला. अजून जवळ घे."

आम्हाला वाटलं, जिंकली. पण त्याच वेळी मालक तिच्या दारात उभा होता. पडदा बाजूला करून आत पाहत होता. वेल, पोपट, स्वच्छ कोनाडे. पेंडीच्या खोलीचं हे असं झालेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

पौर्णिमा झाली नाही तोच निरोप आला. मुंबईचा दलाल येणार आहे, त्याला उतरायला नीटनेटकी जागा पाहिजे, खोली खाली करा.

ती मुलीला कडेवर घेऊन वखारीत गेली. मी मागोमाग गेलो. म्हणालो, "मालक, बाकी खोल्या आहेत. माझी घ्या हवं तर." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"भिंती म्या केल्या," ती म्हणाली. "तुमी पेंडीची खोली देल्ली होती."

"भिंती माह्याच आहेत, बाई," मालक हसत म्हणाला. "तू फक्त रंगवल्या."

सोबत आलेला नवरा म्हणाला, "जाऊ दे ना वं." ती तशीच वळली. घरी आली, पडदा काढला, मुलीला माझ्या बायकोकडे दिलं. मग घमेलं भरून शेणमाती कालवली आणि पहिला हात पोपटांवरून फिरवला. मालकाचा मुनीम धावत आला, "अगं, काय करून राहिली?"

"जशी देल्ली तशी वापस करून राहिली," ती म्हणाली. "मालकाले म्हना, भिंती तुमच्या. घेऊन जा."

ती सारवत होती आणि रडत होती. अश्रू पुसायला हात मोकळा नव्हता. आतापर्यंत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बायको मदतीला पुढे झाली तर तिने मानेनेच नको म्हटलं. वेल गेली. कोनाडे गेले. सगळं करडं झालं.

दुपारी बंडी अकोल्याच्या वाटेला लागली. ती मागे तोंड करून बसली होती, मुलगी मांडीवर, हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले. ते तिने धुतले नव्हते. पुढे माल आणायला मी अकोल्याला जाई तेव्हा विचारत असे. आगगाडी आली तशा बंड्या बसल्या, बंडीवाले कुठे कुठे गेले. कोणाला काही ठाऊक नव्हतं.

दलाल दिवेलागणीआधी आला. उंबऱ्यावर उभा राहिला आणि उपरण्याने नाक दाबलं. मालक माझ्यासमोर मुनिमाला शिव्या देत होता. मी आत डोकावलो. भिंती अजून ओल्या होत्या. दाराजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एवढीशी जागा तिने तशीच पांढरी सोडली होती. तिथे गेरूने माखलेला एक लहानसा पंजा उमटला होता. मुलगी भिंतीला धरून उभं राहायला शिकत होती, तेव्हाचा.

तेवढंही मालकाला राहू नये म्हणून मी आत गेलो, घमेल्यात उरलेली शेणमाती घेतली आणि त्याच्या देखत ती जागा सारवून टाकली.