शिऱ्यातले काजू आणि माझा अंगठा

आमचा रेशन दुकानदार मला पंधरा वर्षं ओळखतो. मी वळणावर दिसले, की तो लांबूनच तांदळाच्या पोत्याचं तोंड सोडायला घेतो. पण त्याच्या मशीनला मी कोण ते कळायचंच नाही. अंगठा टेकवला, की मशीन नकार द्यायचं. "मी वळखतो गो तुला," तो म्हणायचा, "पन ह्या बयेला कोन सांगनार?"

चूक मशीनची नव्हती, माझ्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मी दोन वर्षं काजूच्या फॅक्टरीत बिया फोडत होते. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. राख लावा, गोडं तेल लावा, बोटांची सालं निघायची ती निघायचीच. सासूबाईंचा अंगठा वयाने गुळगुळीत झालेला. उरला नवऱ्याचा, आणि तो लांब लोट्याच्या एमआयडीसीत, कंपनीत, सुट्टीच्या दिवशीही जादा पाळी करणारा. मग दर महिन्याला हा माणूस एक दिवस रजा टाकून, एसटी बदलत यायचा, अंगठा टेकवायचा, जेवायचा आणि परत जायचा. शेजारणी म्हणायच्या, केवढं गो प्रेम! मी म्हणायचे, प्रेम कसलं, तांदूळ.

म्हणून ग्रेडिंगच्या टेबलावर एक जागा रिकामी झाल्याचं कळल्यावर मी उडीच मारली. तिथे सोललेला, कोरडा काजू समोर येतो आणि तो आकाराप्रमाणे नुसता निवडायचा. तेलाचा संबंध नाही. अंगठा परत उगवेल, अशी माझी आशा. मॅनेजर म्हणाला, "पंधरा दिवस बसून बघ. जमलं तर जागा तुझी, नाही तर परत बिया फोडायला."

जमायला काय पाहिजे? दोनशे चाळीस नंबरचा काजू एका ट्रेमध्ये, तीनशे वीसचा दुसऱ्यात, अर्धी फुटलेली पाकळी, तुकडा आणि डागी वेगळे. त्यात नंबर जेवढा मोठा तेवढा काजू लहान, कारण ठरावीक वजनात किती काजू बसतात त्यावरून नंबर पडतो. हे ज्याने ठरवलं त्याने लहानपणी अंकलिपी उलटी धरली असणार.

माझ्या शेजारी एक काकी बसायच्या. वीस वर्षं त्याच टेबलावर. तोंड माझ्याकडे, तोंडात सुनेची गाऱ्हाणी, आणि हात आपले काजू बरोबर त्या-त्या ट्रेमध्ये टाकतायत. मी विचारलं, "काकी, तुम्ही नेमकं बघता काय?"

"काजू."

"तसं नाय. दोघांत फरक काय?"

"ह्यो दोनशे चाळीस, ह्यो तीनशे वीस."

"पण कशावरनं?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की स्वतःची म्हैस कशी ओळखता. "अगो, दिसतां ना!"

मला दिसत नव्हतं. मला काजू दिसत होते. सगळे वाकडे, सगळे पांढरे, सगळे एका आईचे. मी काडेपेटीतली काडी शेजारी धरून मापायला लागले, तर माझा एक काजू होईपर्यंत काकींची ओंजळ संपायची. वर माझ्या ट्रेमधले निम्मे काजू त्या उचलून दुसरीकडे टाकायच्या. "चुकला. चुकला. हापन चुकला." दिवसभर तेच.

घरी लेकीला सांगितलं. ती अकरावी सायन्सला. ती म्हणाली, "आई, डोळे तेच असतात, शिकतो तो मेंदू. बालवाडीत तुलापण घ आणि ध सारखेच दिसले असतील. हजारदा बघितलं आणि चुकलं की कोणी लगेच सांगितलं, की तो फरक धरायला लागतो. आणि तो शिकला हे आपल्याला कळतही नाही."

"मग तुझ्या मेंदूला तुझ्या खोलीतला पसारा कधी दिसणार?" मी विचारलं. सायन्स तिथेच संपलं.

बारा दिवस झाले तरी काकींचं "चुकला" थांबेना. मॅनेजर माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायला लागला. माझी झोप उडाली. आणि त्यातच रविवारी राजापूरजवळ धाकट्या भावासाठी मुलगी बघायला जायचं होतं. भाऊ मुंबईला नोकरीला, वय एकतीस, आधी चार ठिकाणांहून नकार आलेला. निघताना मला म्हणाला, "ताई, तिथे तोंड सांभाळ." मी तोंड सांभाळलं. हाताचं तो काही बोलला नव्हता.

शिरा आला. काजू अगदी सढळ हाताने घातलेले. शिक्षण किती, गाव कुठलं, मुंबईत खोली केवढी, अशी बोलणी चालली होती. मी गुमान खात होते. मधेच मी वर बघितलं, तर मुलीची आई माझ्या बशीकडे टक लावून बघत होती. मीही बघितलं. शिरा संपला होता. बशीच्या कडेला काजू मांडलेले होते. इकडे मोठे, त्यांच्या शेजारी लहान, खाली पाकळ्या, आणि एक डागी बिचारा एकटाच कोपऱ्यात.

माझ्या आईने मला असा चिमटा काढला, की दंड चार दिवस निळा होता. मुलीची आई रडकुंडीला आली. "वाईच पाकळी गेली हो घाईत. चांगला अख्खा काजू हाय घरात, दाखवू काय?" भावाने डोळे मिटून घेतले. हे पाचवं.

"नाय हो, माझी आपली सवय," मी म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. सवय? ही सवय मला लागली कधी? काडी नाही, माप नाही, विचारसुद्धा केला नाही आणि हातांनी निवड केली होती. "मला दिसलं!" मी ओरडले. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

तेवढ्यात इतका वेळ मान खाली घालून बसलेली मुलगी पुढे वाकली. तिने माझ्या बशीतला एक काजू बोटाने मोठ्यांतून लहानांत सरकवला. "ह्यो तीनशे वीस हाय, ताई." ती तीन वर्षं तिकडच्या फॅक्टरीत ग्रेडिंगला होती! मी निरखून बघितलं. खरंच होता. मग आम्ही दोघींनी भावाची बशी घेतली. लग्न आम्ही दोघींनीच ठरवलं असं तो अजून म्हणतो, पण त्यालाही विचारलं होतं आणि तो लगेच हो म्हणाला होता.

सोमवारी काकींनी माझ्या ट्रेमधून दोनच काजू उचलले. पंधराव्या दिवशी मॅनेजरने मिसळून दिलेली ओंजळ मी काकींना भावाच्या लग्नाची तारीख सांगता सांगता निवडली. जागा मिळाली. काकी म्हणाल्या, "आदीच सांगितलेलं ना, दिसतां म्हनून."

मग मी रोज अंगठा उन्हात धरून बघायचे. हळूहळू रेषा आल्या. तिसऱ्या महिन्यात दुकानात गेले, अंगठा टेकवला. मशीनने जरा विचार केला आणि चिठ्ठी बाहेर आली. "वळखलान गो तुला!" दुकानदार ओरडला. मला रडूच आलं. तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "आता रजा टाकायची गरज नाही. मशीनने मला ओळखलं."

तो आधी "बरं झालं" म्हणाला. मग म्हणाला, "मग साहेबाला आता काय कारण सांगू?"

दोन वर्षं हा माणूस दर महिन्याला माझ्यासमोर जेवायला बसत होता, आणि मला तांदूळच दिसत होता.

पोतं डोक्यावर घ्यायच्या आधी मी दुकानदाराला बजावलं, की ह्यांच्या साहेबाने विचारलं तर सांगायचं, पुढच्या महिन्यापासून माझा अंगठा परत बिघडलाय.