वाफेच्या पाइपाखालचा झोका

सेलूला मोतीलाल शेठजींच्या कापसाच्या जिनात मंगरू नावाचा आगवाला होता. बॉयलरची भट्टी पेटती ठेवणं हे त्याचं काम. माणूस देवभोळा, निर्मळ, पण जागेपणी झोपणारा. भट्टीचं दार उघडलं की कोळसा टाकायचा आणि ज्वाळांकडे टक लावून उभा राहायचा. तिथे त्याला बोरच्या जंगलातलं आपलं गाव दिसे, मोहाखाली नाचणारी माणसं दिसत, कधी कधी मेलेली आईसुद्धा दिसे. कोणी हाक मारली की दचकून भानावर येई आणि चार फावडी कोळसा उगाचच जास्त लोटी. त्याचा हात आधीच सढळ. पाहुणे घरात असेपर्यंत आग मंदावू द्यायची नाही ही त्याच्या आईची रीत, आणि जिनात तर रोजच अर्धं गाव कामाला यायचं!

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात रेल्वेनं येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी वेळेवर येईनाशा झाल्या. शेठजींनी अंगणातला ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. कोळसा असाच जळत राहिला तर होळीच्या आधीच जिन बंद पडणार होतं आणि सगळ्यांना घरी बसावं लागणार होतं. बॉयलरपासून इंजिनापर्यंत वाफेचा पाइप उघडाच होता, त्याची आच नुसती हवेत जात होती. त्याला मातीचा जाड थर द्या आणि वर गोणपाट गुंडाळा, असा त्यांनी हुकूम सोडला.

शेठजींच्या हिशेबी ती आच वाया जात होती. पण रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस टाकणाऱ्या बाया आपली तान्ही लेकरं त्याच पाइपाखाली झोक्यात निजवत. मंगरूच्या लेकीचा, सुंदराचा मुलगाही तिथेच असे. तो दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, मुठीएवढा जीव. ऊब मिळाली तर जगेल, एवढंच सुईण बोलली होती. त्यांच्या कुडाच्या घरात थंडी शिरे, म्हणून सुंदरा बाळंतपणातून उठली ती लगेच कामावर आली. पगारापेक्षा तिला तो पाइप हवा होता.

मंगरूच्या बायकोचा, रुखमाचा लिंपणात हातखंडा. तिनं माती, शेण आणि तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, कालवून दिलं. मंगरूनं इंजिनाच्या बाजूनं लिंपायला घेतलं, तेही रमतगमत, गोंडीत काहीतरी गुणगुणत. असं काम कधी संपूच नये असं त्याला वाटत होतं. पण शेवटी झोक्यावरचा तुकडा तेवढा उरला. हातात चिखलाचा गोळा घेऊन तो नुसताच उभा राहिला. सुंदरा उठून आली, तिनं आपल्या हातानं झोका बाजूला घेतला.

“झाका, बाबा,” ती म्हणाली. “जिन बंद पडलं तर हा काय खाईन?”

मंगरूनं पाइप झाकला. डोळे गळत होते, ते त्यानं मातीच्या हातांनीच पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचे तळपाय गार पडले. तेव्हा मंगरूनं कोणाला विचारलं नाही. आपल्या धोतरानं नातवाला पाठीशी बांधलं आणि तसाच भट्टीपुढे जाऊन उभा राहिला. बॉयलरच्या खोलीत पोरंसोरं आणायची सक्त मनाई होती. सापडला असता तर नोकरी गेलीच असती.

पहिलंच भरलेलं फावडं धाडकन आत गेलं तशी पोर दचकून रडलं. मग मंगरू अर्धं फावडं घेऊ लागला, अलगद पसरू लागला. दार जास्त वेळ उघडं राहिलं की आच लागून पोर कुरकुरे, म्हणून दार उघडायचं आणि लगेच लावायचं. ज्वाळांकडे बघायला आता त्याला फुरसत नव्हती, पाठीवरचा श्वास ऐकायचा होता. स्वप्नं मात्र थांबली नाहीत. आता त्याला दिसे की हे पोर बोरच्या वाटेनं पुढे पुढे चाललं आहे आणि एकेका झाडाचं नाव विचारतं आहे, आणि तो सांगतो आहे. त्या तंद्रीतही हात बरोबर चालत. इंजिन चांगलं पळत होतं. चिमणीचा धूर पार विरळ झाला आणि कोळसाही कितीतरी कमी लागू लागला.

शेठजींना हे खटकलं. नुसत्या मातीनं एवढा कोळसा वाचेल हे त्यांना पटेना. आगवाला नक्कीच झोपा काढत असणार! एका दुपारी ते चपला हातात घेऊन पावलं न वाजवता आले आणि त्यांनी दार ढकललं. मंगरू डुलत होता खरा, पण उभ्यानं, पाठीवरच्या पोराला निजवत.

वळून पाहिलं तसा मंगरूचा चेहरा उतरला. शेठजींनी काही म्हणायच्या आत तोच बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला.

“मले काढून टाका, शेठजी. पन याले बाहेर काढाले सांगू नका. बाहेर थो जगत नाई.”

शेठजींनी वाफेच्या काट्याकडे पाहिलं, काटा जागेवर होता. मग त्यांनी धोतराच्या गाठीतून बाहेर आलेल्या त्या इवल्याशा डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल रे,” ते म्हणाले. “उठंल तो.”