सहा अक्षरांचा मसावि

त्यांना सगळे मसावि म्हणत. शाळेत सर्वांत मोठा सामाईक विभाजक काढायला लावतात ना, तोच हा मसावि. आमच्या संस्थेच्या बीजगणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो काढण्याचा भाग त्यांनी एकट्याने लिहिला होता. नुसत्या आकड्यांचा मसावि कुणीही काढील. हे क्ष, य असल्या अक्षरांनी भरलेल्या दोन लांबलचक बहुपदींचा काढत. एकच अक्षर असलं तर उत्तर चुटकीसरशी यायचं. सहा झाली की यंत्र सकाळी जे घुम्यासारखं बसायचं, ते दिवे मालवेपर्यंत. आणि बहुतेक वेळा उत्तर काय, तर एक. म्हणजे दोघींत सामाईक काहीच नाही.

मी शेजारच्या टेबलावर असे. तक्रारींचे कागद माझ्या हातून पुढे जात, म्हणून मला हे माहीत.

तक्रारी वाढल्या तशी साहेबांनी समिती नेमली. समितीने नवं यंत्र घेतलं. तेही तेवढंच थांबे, फक्त पंखा जास्त जोरात फिरवी. मग ठरलं, शुक्रवारी परीक्षा. तासाभरात उत्तर आलं नाही, तर मसाविंचा भाग काढून टाकायचा आणि बाहेरचा आणायचा. अठरा वर्षांचं काम!

"त्यात एक चूक दाखवा हो," ते मला म्हणाले. उत्तरच येत नाही तिथे चूक कशी सापडणार, असं मनात आलं.

गुरुवारी त्यांच्या घरी चहाला गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"दोघींत सारखं काही नाही, एवढं सांगायला अख्खा दिवस? तुमच्याशी पाच वाक्यं बोलले तेव्हाच मला कळलं होतं."

"मग लग्न का केलंस?"

"समिती नेमायला सवड नव्हती."

मी हसलो. मसावि हसले नाहीत. कप तसाच ठेवून उठले. "पाच आकडे घालून बघू या?"

म्हणजे एक अक्षर ठेवायचं, बाकी पाचांच्या जागी साधे आकडे घालायचे; असं आळीपाळीने प्रत्येक अक्षरासाठी. तिथेच सामाईक काही निघालं नाही, तर पुढचा घोळ घालायचाच नाही. ही युक्ती त्यांना आधीपासून ठाऊक होती. पण असले आडमार्ग आपल्याला शोभत नाहीत, म्हणून अठरा वर्षं तिला उंबऱ्याबाहेर ठेवलेली.

शुक्रवारी साहेबांनी स्वतः बटण दाबलं. पडद्यावर एक आला.

"चालू झालं का?" साहेबांनी विचारलं.

"झालं."

"संपेल केव्हा?"

"संपलं, साहेब."

तरी समिती घड्याळाकडे बघत तासभर बसली, कारण परीक्षेच्या पत्रात तास लिहिला होता.

सोमवारी अहवाल आला. मसाविंचा भाग कायम ठेवावा. मात्र आता त्यापाशी कुणी बसून राहण्याचं कारण उरलं नसल्यामुळे त्यांची बदली जुन्या कागदांच्या खोलीत करावी.

मसाविंनी तो दोनदा वाचला.

"भाग राहिला ना?"

"राहिला," मी म्हणालो.

"मग त्या बाजूने खुर्ची धरा."