करमाडच्या मंडळीचे चार आठवडे

आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांचा अंगठाच. वडील सडकेच्या कामावर खडी फोडायचे, आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. एक लुगडं अंगावर, एक दोरीवर. अशा घरातून मी कन्नडच्या कॉलेजात गेले आणि बी.ए. झाले. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? औरंगाबादच्या ख्रिस्ती पुढारी शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा पिशोरच्या स्टँडवर मी एसटीच्या अर्धा तास आधी उभी!

वेरूळचा घाट झाला, दौलताबादचा किल्ला मागं पडला, शहर लागलं. क्रांती चौकापाशी सगळी वाहनं अडलेली. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा! निळे झेंडे, घोषणा, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. मी पिशवी घेऊन उतरले. एका बाईनं चालता चालता विचारलं, "कोण्या गावची गं तू?"

"पिशोरकडची. शिबिराला चाललेय. चर्चची मंडळी कशी उभी करायची, ते शिकायला."

"मग चाल की आमच्यासंगं! आमची बघ, कशी उभी राहिली."

माझ्या मावशीचं घर बौद्ध. मला काय परकं होतं? गेले. शिबिरात पोचले ती उशिरा आणि घोषणा देऊन घसा बसलेली.

पंधरा दिवस शिकलो. एका संध्याकाळी शहागंजात नान-खलिया (जाड रोटी आणि वर तर्री आलेला मटणाचा रस्सा) खाल्ला. नाकातून पाणी आलं तरी थांबले नाही. शेवटी शिबिराच्या पाळकसाहेबांनी प्रत्येकाला एकेक गाव दिलं. मला करमाड.

"तिथं माणसं येईनाशी झालीत," ते म्हणाले. "चार आठवड्यांत त्याच मंडळीतून ती चालवणारे तयार झाले तर ठीक, नाहीतर चर्चला कुलूप. आणि उपदेश तुम्ही करायचा नाही. त्यांच्याकडून करून घ्यायचा."

मी हो म्हटलं आणि गुपचूप सात पानी उपदेश लिहून काढला.

जालना रोडनं गाडी निघाली. चिकलठाण्याला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, गेटवर सायकलींची गर्दी. एवढी माणसं कामाला लागलेली बघून छाती भरून आली. करमाडला तिथल्या मंडळीतल्या रूथमावशींकडं मुक्काम. मावशी विधवा, बोलायला खमक्या, त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी ताटाएवढी.

रविवारी मी स्वतः घंटा वाजवली. आले दोघं: मावशी आणि चर्चचे म्हातारे पंच याकोबआबा. मी सातही पानं वाचली. आबा तिसऱ्या पानाला पेंगले. पुढचे दोन रविवारही तीच दोघं.

"पोरं कारखान्यात गेली अन् देवाला विसरली," आबा म्हणाले.

मला पटलं. तावातावानं मी मंडळीतल्याच, कारखान्यात लागलेल्या दानीएलकडं गेले. तो नुकताच कामावरून आला होता, हाताला तेल.

"दानीएलदादा, चर्चला कामून (का) येत नाही?"

"रविवारी आम्ही मशिनीवर असतो, ताई. विजेच्या टंचाईपायी आमच्याकडच्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. तुम्ही बी.ए. ना? हे बी विचारलं नाय कुणाला?"

माझी मान खाली गेली. पण घरी मी जवळजवळ पळतच आले. मार्ग सापडला होता! ओट्यावर मावशींशी बोलत बसलेल्या आबांना म्हटलं, "आबा, शुक्रवारी चर्च उघडू या."

"आता जुम्म्याला जमायचं व्हय? बापजाद्यांचा रविवार मोडायचा?"

"रविवारी दोघं बसून पालींना गाणी ऐकवताव आपण," मावशी कडाडल्या. "तुमचा रविवार ऱ्हाऊ द्या. शुक्रवारी नुसतं दार उघडा."

"चावी घ्या. मी येणार नाय."

दानीएलनं कामावरच्या सगळ्यांना निरोप दिला. शुक्रवार उजाडला. चर्चसमोर सायकलींवर सायकली! बायका, लेकरं, सतरंजी पुरेना. माझी सात पानं हातात, जीभ नुसती वळवळत होती. पण ठरवलं, दानीएलच्या हातात बायबल दिलं आणि खाली बसले. दानीएल उभा राहिला. अडखळत शास्त्र वाचलं, मग म्हणाला, "आपल्या लायनीतल्या एकाचा हात मशिनीत सापडलाय. घाटीत (सरकारी दवाखान्यात) पडून हाय. आज त्याच्याकडं कोण कोण येतं?" हातांवर हात वर झाले. प्रार्थना मावशींनी केली, लई मोठ्यानं. माझ्या सात पानांत एवढं कुठं होतं?

पुढच्या शुक्रवारी गाणं चालू असताना दारातून आवाज आला, "चाल चुकली! पहिल्यापासून धरा!" याकोबआबा. आत येऊन त्यांनी सगळ्यांना ते गाणं तीनदा म्हणायला लावलं.

त्याच दिवशी मंडळी चालवणाऱ्यांची निवड झाली. दानीएलच्या नावाला पहिला हात आबांचा. दुसऱ्या दिवशी मी पिशोरची गाडी धरली. शिकलेल्या माणसाला बोलणं सोपं असतं. गप्प बसायला मला तीन आठवडे लागले. चर्चला कुलूप लागलं नाही. करमाडची मंडळी आता दर शुक्रवारी भरते आणि दानीएल अन् रूथमावशी ती चालवतात.