व्हीगन मुलीचा नकाशा

मुलीनं दूध सोडल्याचं जाहीर केलं तेव्हा मी तिला साबुदाण्याची खिचडी करून वाढली. वर साजूक तूप, बाजूला केळ्याचं शिकरण. आमच्या घरात अन्न सोडायचं म्हणजे उपास, आणि उपास म्हणजे दुधातुपाची चंगळ, यापलीकडे माझी बुद्धी गेलीच नाही. ताटाकडे पाहून ती इतकी हसली की मला रागच आला. मग तिनं समजावलं, व्हीगन म्हणजे जनावरापासून आलेलं काहीच खायचं नाही, मधसुद्धा नाही. मी म्हटलं, मग वरण-भात खा नि गप्प बस. तिनं खरंच तेच खाल्लं. तेव्हापासून रिसाली वस्तीतल्या आमच्या घरात दोन फोडण्या होऊ लागल्या, एक तुपाची, एक तेलाची, आणि त्यावर माझी कुरकुर.

तिची पीएच.डी. ग्रंथालयशास्त्रातली. व्हीगन आहारावर जगात कोण संशोधन करतं, कोण कोणाबरोबर मिळून लिहितं, कोणत्या विषयाची चर्चा वाढत गेली, हे ती शोधत होती. ते वाचता वाचताच तिचं दूध सुटलं. आम्हीही सोडावं असं तिला फार वाटायचं आणि ती ते लपवायचीही नाही. तिचे बाबा स्टील प्लांटच्या रेल मिलमधून, म्हणजे रूळ बनवण्याच्या खात्यातून, निवृत्त झालेले, जेवणात वाटीभर दही नसेल तर उठून जाणारे. ते हसून विषय उडवून लावायचे.

मग एका सकाळी यांच्या छातीत दुखलं. हृदयाची नळी अडकली होती. स्टेंट बसवला आणि काही दिवसांनी घरी सोडलं. तूप आणि तळलेलं बंद, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दह्यादुधाचं विचारायचं त्या धावपळीत कुणाला सुचलंच नाही. भेटायला येणाऱ्यांनी मात्र न विचारता सगळं सांगितलं. नेहरू नगरहून आलेले माझे दीर म्हणाले, दूध म्हणजे विष. जाऊबाई म्हणाल्या, दुधाशिवाय ताकद कुठून येणार? हे इतके घाबरले की साध्या पोळीकडेही संशयानं पाहू लागले. शेवटी यांनी मुलीलाच हाक मारली. घरात एवढा मोठा अभ्यास चाललेला असताना बाहेरच्यांचं कशाला ऐकायचं, असं यांचं म्हणणं.

ती लॅपटॉप घेऊन आली आणि तिनं तिचा नकाशा उघडला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. काळ्या पडद्यावर रंगीत ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक देश, आणि जिथल्या माणसांनी मिळून लिहिलं त्या दोन ठिपक्यांत एक रेघ. रेघांचा नुसता गुंता, लोकरीचा गुंडा सुटावा तसा. तिनं दुसरं चित्र काढलं, त्यात वर्षांच्या क्रमानं विषय होते. आधी हाडं, रक्त, लहान मुलांची वाढ. मग हृदय आणि साखर. अलीकडे पाणी, जमीन, हवामान. माणसाच्या ताटात काय असावं, एवढ्यासाठी एकमेकांचं तोंडही न पाहिलेली इतकी माणसं समुद्रापलीकडून एकमेकांना विचारत बसली होती. आणि तो सगळा पसारा आमच्या दिवाणावर मांडी घालून बसलेल्या पोरीनं लावला होता. मी देवळातसुद्धा इतकी गप्प उभी राहिले नसेन.

यांनी दोन्ही चित्रं नीट पाहिली. मग म्हणाले, "मंग सांग, मी दूध-दही सोडू का? तू म्हणशील तर आजपासून बंद."

मी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस जे तिला हवं होतं ते बापानं आपणहून हातात आणून दिलं होतं. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं.

"बाबा, हे मले नाही मालूम," ती म्हणाली. "कोणी कोणासंग काम केलं, ते मी पाहून राहिली. तुमच्या हार्टसाठी काय बरोबर, ते या नकाशात नाही. डॉक्टरले विचारू."

"इतकं वाचून पण?"

"इतकं वाचून पण."

ते ठिपके पाहून मी थक्क झाले होते, पण या उत्तरानं मी जास्त थक्क झाले. एवढं सगळं पुढ्यात असताना माझ्या तोंडून तरी 'नाही मालूम' निघालं नसतं. पुढच्या तपासणीला हे मला घरी ठेवून तिला बरोबर घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, साय काढलेल्या दुधाचं वाटीभर दही चालेल. साय जरासुद्धा राहता कामा नये.

साय काढताना मी हात आखडता घेते आणि थोडी आत राहतेच, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून रोज संध्याकाळी अभ्यास बाजूला ठेवून ती स्वयंपाकघरात येते. निवलेल्या दुधावरची साय कडेकडेनं निपटून काढते आणि बाबांसाठी विरजण लावते. स्वतः ती अजूनही दुधाचा थेंब तोंडात घेत नाही.