कुलसुमभाभीचा पाहुणचार

कुलसुमभाभीच्या दारात आला तो पावणा. मग तो वीजबिलवाला असो, नाहीतर रस्ता चुकलेला. हीच खोड तिला नडली.

नवरा खिजर कापूस पिंजून गाद्या भरायचा. बाजारात फोम आला, धंदा बसला, मग खिजरही गेला. भाभीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उरली ती निराधारांची पेन्शन. ती मिळाली तर इथं चूल पेटणार, नाहीतर गडमुडशिंगीला लेकीच्या दारात जाऊन पडायचं.

"जावयाच्या तुकड्यावर? त्यापरीस उपाशी मरीन की!"

सरकारी मदत या घराला नवी नव्हती. सासूनं दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीसाठी रांग धरली, भाभीनं पुरात छावणीतली खिचडी खाल्ली. तेव्हा पोट रिकामं असलं की भागायचं. आता साहेब घरी येऊन गरिबी तपासणार होते.

भाभीच्या कानात 'साहेब घरी येणार' एवढंच शिरलं. सकाळपासून अख्खी गल्ली कामाला. शालूबाईचे सोनेरी काठाचे कप आले, गणपतरावांचा सोफा आला. साहेबाला कोमट सरबत कसं द्यायचं, म्हणून त्यांचाच फ्रिजही चौघांनी ढकलत आणला!

साहेब सोफ्यावर टेकले, गार सरबत प्याले, फ्रिजकडं बघून म्हणाले, "बरं चाललंय की आजी तुमचं."

अर्ज नामंजूर.

भाभी तडक कचेरीत. "साहेब, सोफा गणपतरावांचा हाय. फ्रिजबी त्यांचाच."

"म्हणजे सरकारला फसवलंत?"

"खोटी श्रीमंती दाखवून कोण फसवतं व्हय?"

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

भाभीनं पुन्हा अर्ज टाकला, पावसाळा सरल्यावर पुन्हा चौकशी लागली. या खेपेला ताबा शालूबाईनं घेतला. "भाभी, तोंड बंद. चहा न्हाय, पाणी न्हाय." भाभीची स्वतःची खाट, पंखा, भांडीसुद्धा गल्लीनं उचलून नेली. नवे साहेब उंबऱ्यातूनच डोकावले, रिकाम्या खोलीचा फोटो काढला आणि वळले. भाभी उठू लागली, तशी शालूबाईनं पदर धरून खाली बसवली.

पेन्शन मंजूर झाली. शालूबाई पेढे घेऊन गेली, तर भाभीनं तोंडावर दार लावलं.

"माणूस उन्हातनं आलता," आतून आवाज आला, "साधं 'बसा' म्हणू दिलं न्हाईस मला. तूच खा ते पेढे!"